ओंडके भरणीची क्रेन

ओंडके भरणीची क्रेन म्हणजे तोडलेल्या झाडांचे ओंडके जमिनीवरून उचलून ट्रॉली, ट्रक किंवा खास वनवाहनावर रचणारे, टोकाला पंजा असलेले द्रवचालित यंत्र होय. बांधकामावरील क्रेन भार दोरखंडाला टांगून उभ्या दिशेने उचलते. ओंडक्यांची क्रेन मात्र माणसाच्या हाताप्रमाणे खांदा, कोपर आणि मनगट अशा सांध्यांवर हलते व भार थेट पंजात पकडते. जंगलातील तोडीच्या जागेपासून, म्हणजे कूपापासून, मोटाररस्त्यापर्यंत ओंडके आणण्याच्या कामात या यंत्राची निवड चुकल्यास खर्च वाढतोच, शिवाय वाहन उलटून चालक व मजूर यांच्या जिवावर बेतू शकते.

प्रस्तुत लेखात या निवडीची तत्त्वे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्याच्या संदर्भात मांडली आहेत. लाकडाच्या प्रवासाचे जवळजवळ सर्व टप्पे या छोट्या पट्ट्यात शेजारी शेजारी दिसतात. बदलापूरच्या पूर्वेस बारवी धरणाच्या बाजूचे आणि दक्षिणेस चंदेरी-माथेरानच्या रांगेखालचे डोंगरउतार जंगलाचे आहेत. अंबरनाथला औद्योगिक वसाहत आहे. उल्हासनगरात लाकडी फर्निचरची मोठी बाजारपेठ आहे.

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातील पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, हेद, कळंब, किंजळ, खैर, शिसव व सावर हे वृक्ष आढळतात. येथील लाकडाचा व्यापार जुना आहे. सहाव्या शतकातील ग्रीक लेखक कॉस्मस याने कल्याण बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात लाकडाचा उल्लेख केला असून ते शिसवीचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एवढ्या दीर्घ काळात ओंडका कूपाबाहेर काढण्याची रीत फारशी बदलली नव्हती. ओंडक्याला साखळी बांधून बैलांनी तो ओढायचा, बैलगाडीच्या कण्याला टांगून न्यायचा, किंवा दोन तिरप्या वाशांवरून दोरांच्या साहाय्याने लोटत गाडीवर चढवायचा. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, हेच काम हत्ती करीत. कमलापूर येथील हत्ती कॅम्प ही त्या व्यवस्थेची आज उरलेली खूण आहे.

यांत्रिक भरणीचा उगम स्वीडनमध्ये झाला. हुडिक्सवाल येथील स्की बनवणारे उद्योजक एरिक सुंदीन यांनी ट्रकच्या इंजिनाची शक्ती द्रवदाबाद्वारे उचलकामासाठी वापरण्याच्या कल्पनेवर १९४४ मध्ये ‘हिआब’ ही कंपनी काढली. तिची ट्रकवर बसवलेली पहिली द्रवचालित क्रेन १९४७ मध्ये आली. पुढे १९६० च्या दशकात स्वीडन व फिनलंडमध्ये ‘फॉरवर्डर’ हे वाहन विकसित झाले. मधोमध वळणारी सांगाडी, सहा किंवा आठ चाके, मागे ओंडक्यांचा पिंजरा आणि त्यावर क्रेन, असे त्याचे स्वरूप असते. ओंडका जमिनीवरून फरफटत न नेता संपूर्ण उचलून नेणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे लाकडात माती व खडे रुतत नाहीत आणि जमिनीवर चर पडत नाहीत.

योगायोग असा की, स्वीडिश लाकूड-उद्योगाचा अंबरनाथशी संबंध फॉरवर्डरच्या जन्माआधीचा आहे. ‘स्वीडिश मॅच’ या कंपनीने भारतात स्थापन केलेल्या ‘विम्को’चा काडेपेटी कारखाना १९२० च्या दशकात अंबरनाथला उभा राहिला. काडीसाठी सावरीसारख्या मऊ लाकडाचे ओंडके यंत्रावर फिरवून त्यांचा पातळ पापुद्रा सोलून काढला जातो. कंपनी आली, सोलयंत्रे आली; ओंडके उचलण्याचे तंत्र मात्र तिच्यामागून आले नाही. भारतातील जंगलांत आजही तोडीनंतरचे बहुतांश काम माणूस, बैल, ट्रॅक्टर व ट्रक यांच्यावरच चालते.

रचना

क्रेनच्या तळाशी एक उभा खांब असतो आणि तो आसाभोवती फिरतो. खांबाला मुख्य भुजा, तिला बाह्य भुजा, आणि बऱ्याच यंत्रांत बाह्य भुजेच्या आतून सरकत बाहेर येणारा वाढीव भाग जोडलेला असतो. भुजेच्या टोकाला गोल फिरणारा सांधा, म्हणजे रोटेटर, व त्याखाली पंजा लोंबतो. प्रत्येक सांध्याला स्वतंत्र सिलिंडर असतो. चालकाला एकाच वेळी चार ते सहा हालचाली सांभाळाव्या लागतात. त्यामुळे नवशिक्याच्या हाती चांगले यंत्रही हेलकावे खाते, तर सरावलेल्या चालकाच्या हाती साधे यंत्र अखंड लयीत चालते.

रोटेटर हा दिसायला लहान, पण नाजूक भाग आहे. ओंडक्याचे एक टोक झुडपात किंवा खडकात अडकले असता चालकाने पंजा जोराने ओढला, तर तो पीळ रोटेटरवर येतो. कागदावर पुरेशी वाटणारी क्रेन प्रत्यक्षात वारंवार बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून रोटेटर नेहमी उचलायच्या कमाल भारापेक्षा वरच्या श्रेणीचा घेतात.

उचल-आघूर्ण

क्रेन ‘किती टनांची’ आहे हा प्रश्न अपुरा आहे. भार खांबापासून जितका दूर, तितका त्याचा वाकवण्याचा परिणाम अधिक. या परिणामाला आघूर्ण म्हणतात. तो बल व अंतर यांच्या गुणाकाराने मिळतो आणि किलोन्यूटन-मीटर या एककात सांगतात. तराजूच्या लांब दांडीच्या टोकाला लहान वजनही जड ठरते, तोच हा नियम.

समजा, क्रेनचे निव्वळ उचल-आघूर्ण ४० किलोन्यूटन-मीटर आहे. ४ मीटर अंतरावर ती १० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,०२० किलोग्रॅम उचलू शकेल. ६ मीटरवर हाच आकडा सुमारे ६८० किलोग्रॅमवर येतो. यातून पंजा व रोटेटर यांचे वजन वजा करावे लागते. ते १५० किलोग्रॅम धरल्यास लाकडासाठी अनुक्रमे ८७० व ५३० किलोग्रॅम उरतात. विक्रेत्याच्या पत्रकात ठळक छापलेला आकडा बहुधा खांबाच्या अगदी जवळच्या अंतरावरचा असतो, आणि तेथे प्रत्यक्ष ओंडका क्वचितच पडलेला असतो. शिवाय काही उत्पादक ढोबळ आघूर्ण देतात. त्यात भुजांचे स्वतःचे वजन पेलण्यात खर्च होणारा वाटाही मोजलेला असतो. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्ही आकडे निव्वळ आहेत की ढोबळ, हे प्रथम विचारणे आवश्यक ठरते. अंतरानुसार भार दाखवणारा तक्ता हा निवडीचा खरा आधार होय.

लांब पोच आकर्षक वाटते, परंतु ती फुकट मिळत नाही. सरकता वाढीव भाग घेतल्यास भुजेचे वजन वाढते व प्रत्येक अंतरावरची निव्वळ क्षमता काहीशी घटते. जेथे वाहन ओंडक्याजवळ नेता येते तेथे आखूड आणि बळकट भुजा बरी. ओढ्याकाठी, घळीच्या तोंडाशी किंवा राखून ठेवलेल्या झाडांमधून वाहन आत नेता येत नसेल, तरच जास्त पोचेला अर्थ आहे.

ओंडक्याचे वजन

या टप्प्यावर होणारी चूक मोजमापाच्या रूढ पद्धतीतून उद्भवते. भारतातील इमारती लाकडाच्या व्यापारात ओंडक्याचे घनफळ चतुर्थांश घेर पद्धतीने काढतात. मधल्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ३ मीटर लांब व ९० सेंटीमीटर घेराच्या ओंडक्याचे घनफळ या रीतीने ०.१५२ घनमीटर येते. वर्तुळाच्या सूत्राने काढलेले खरे घनफळ मात्र ०.१९३ घनमीटर असते. नोंदवहीतील आकडा वास्तवाच्या सुमारे ७८.५ टक्केच असतो. करवतीत वाया जाणारे लाकूड वगळून ग्राहकाला न्याय्य भाव मिळावा म्हणून ही पद्धत सोयीची आहे; क्रेनला मात्र वाया जाणारा भागही उचलावा लागतो. आगारातील नोंदींवरून क्रेनचा आकार ठरवणाऱ्याने घनफळात किमान सव्वापट वाढ करावी, आणि मोजणी साल वगळून झाली असल्यास सालीचे वजन वेगळे धरावे.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलोग्रॅम असते, तर ताज्या तोडीचा साग जवळपास पाण्याइतका जड असतो. ब्रह्मदेशात सागाच्या उभ्या झाडाची साल व रसकाष्ठ सभोवार छेदून ते दोन-तीन वर्षे वाळू देत, कारण हिरवा सागवान ओंडका नदीत तरंगत नसे. वरील ९० सेंटीमीटर घेराचा ओंडका वाळलेला असल्यास सुमारे १२५ किलोग्रॅम व हिरवा असल्यास सुमारे १९० किलोग्रॅम भरेल. कूपात उचलायचा असतो तो हिरवाच.

विरळणीच्या कामात असे मध्यम ओंडके अधिक असतात. त्यांचे दोन किंवा तीन नग एकत्र पकडले तर पंज्यासह भार सुमारे ५३० ते ७२० किलोग्रॅमपर्यंत जातो, आणि ४ मीटर अंतरावर २१ ते २८ किलोन्यूटन-मीटर निव्वळ आघूर्ण पुरते. अशा कामाला ३० ते ४० किलोन्यूटन-मीटरची, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसणारी क्रेन योग्य ठरते. जुन्या झाडांचे गणित निराळे आहे. २ मीटर घेराचा व ४ मीटर लांबीचा एकच हिरवा ओंडका सुमारे १,२७० किलोग्रॅम भरतो. पंज्यासह तो ४ मीटर अंतरावरून उचलण्यास सुमारे ५६ किलोन्यूटन-मीटर लागतात. अशा मोजक्या ओंडक्यांसाठी संपूर्ण यंत्र मोठे घेण्याऐवजी ट्रॉली जवळ नेऊन तोच ओंडका २.५ मीटरवरून उचलला तर आघूर्ण ३५ पर्यंत उतरते. तेही शक्य नसल्यास विंचने ओढून घेणे किंवा कूपातच त्याचे दोन तुकडे पाडणे हे मार्ग उरतात. तुकडे पाडल्याने लांब मापाच्या लाकडाचा भाव मात्र हातचा जातो. म्हणून हा निर्णय क्रेनचालकावर सोपवता येत नाही, तो लाकडाच्या मालकाने घ्यावयाचा असतो.

पंज्याचा आकार त्याच्या मिठीच्या क्षेत्रफळाने सांगतात. ट्रॉलीवरील लहान क्रेनला ०.१६ चौरस मीटरच्या आसपासचा पंजा असतो, फॉरवर्डरवर तो ०.३० किंवा त्याहून मोठा असतो. ९० सेंटीमीटर घेराच्या ओंडक्याचा छेद ०.०६५ चौरस मीटर भरतो, म्हणजे लहान पंज्यात असे दोन सहज मावतात. मोठा पंजा लावून क्रेनचे बळ वाढत नाही. उलट पंज्याचे वजन वाढते व चालकाला क्षमतेबाहेर ओंडके पकडण्याचा मोह होतो. काडेपेटी वा प्लायवूडसाठी सोलायच्या ओंडक्यांना बोथट कडांचा पंजा लावतात, कारण टोकदार दात रुतल्यास बाहेरील थर वाया जातो.

उतार आणि तोल

बदलापूर परिसरातील जंगल सपाटीवर थोडे व उतारावर जास्त आहे. अशा ठिकाणी उचलक्षमतेइतकेच दोन गुणधर्म पाहावे लागतात: खांब फिरवण्याची ताकद आणि वाहनाचा तोल.

वाहन तिरपे उभे असताना भुजा चढाच्या बाजूला फिरवायची झाल्यास तिला भार वर ढकलावा लागतो. १० अंशांच्या उतारावर ६५० किलोग्रॅमचा भार ६ मीटर अंतरावर असेल, तर केवळ त्या भारासाठी सुमारे ६.६ किलोन्यूटन-मीटर फिरवणबळ लागते. भुजांचे वजन त्याशिवाय. हलक्या क्रेनची मर्यादा येथेच संपते. मग भार उचलला जातो, पण फिरत नाही; किंवा चढावर जाता जाता भुजा मागे घसरून उताराच्या दिशेने वेगाने येते. त्या बाजूला उभा असलेल्या मजुरासाठी हा क्षण सर्वांत धोक्याचा असतो. वाहन शक्यतो उताराच्या दिशेत, म्हणजे तोंड वर किंवा खाली करून उभे करण्याची आणि भुजेच्या पूर्ण घेऱ्यात कोणालाही उभे न राहू देण्याची शिस्त यासाठीच आहे.

तोलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. २ टन वजनाच्या रिकाम्या ट्रॉलीला दोन्ही बाजूंना मध्यापासून १.१ मीटरवर टेकू पाय आहेत, असे समजू. तिला सरळ ठेवणारे आघूर्ण सुमारे २१.६ किलोन्यूटन-मीटर होते. आता तोच ६५० किलोग्रॅमचा भार बाजूला ६ मीटरवर घेतला तर टेकूच्या पायापासून त्याचे अंतर ४.९ मीटर राहते व उलटवणारे आघूर्ण ३१ च्या वर जाते. ट्रॉली उलटेल. क्रेनची क्षमता मात्र अजून संपलेली नाही! टेकू पाय १.६ मीटरपर्यंत पसरले तर दोन्ही बाजू जेमतेम जुळतात, परंतु भुजेचे वजन धरल्यास तेवढेही पुरत नाही. ट्रॅक्टरशी असलेली जोडणी थोडा आधार देते, पण गोल फिरू शकणाऱ्या आकड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

यातून दोन व्यावहारिक नियम निघतात. पहिला असा की, क्रेन ट्रॉलीच्या वजनाला व टेकूच्या रुंदीला साजेशी घ्यावी. हलक्या ट्रॉलीवर भारी क्रेन बसवणे हे सुरक्षिततेत भर घालण्याऐवजी धोका वाढवणे होय. दुसरा असा की, भरणीतील पहिले ओंडके सर्वांत धोकादायक असतात. ट्रॉली भरत जाते तशी ती स्थिर होते. त्यामुळे सुरुवातीचे नग एकेक, जवळून व मागच्या बाजूने उचलावेत. लांबचे व जड नग नंतर घ्यावेत. टेकूखाली जाड फळी ठेवणेही आवश्यक, कारण पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत वरून कोरडी दिसणारी जमीन आत ओली असते आणि पाय एका बाजूने खचतो.

वाहकाची निवड

युरोपीय पद्धतीचा फॉरवर्डर ८ ते २० टन लाकूड वाहतो व वर्षभर चालवला तरच परवडतो. उत्तर कोकणात जून ते सप्टेंबर जंगलातील कच्चे रस्ते बंद असतात. नैसर्गिक जंगलातील तोड ही वन विभागाच्या मंजूर कार्य आयोजनेपुरती मर्यादित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर हे बंधन देशभर कडक झाले. खासगी मालकीच्या झाडांची तोड विखुरलेली व लहान प्रमाणावर असते. इतक्या तुटक कामासाठी खास वनवाहन घेणे येथे सहसा पटत नाही. शेतीत इतर वेळी उपयोगी पडणारा ट्रॅक्टर आणि त्यामागे क्रेन बसवलेली ट्रॉली हा पर्याय अधिक समंजस वाटतो.

ट्रॅक्टर निवडताना अश्वशक्तीपेक्षा तेलाचा प्रवाह पाहावा. क्रेनला मिनिटाला ४० लिटर तेल १८० बार दाबाने हवे असेल, तर लागणारी शक्ती १२ किलोवॉट, म्हणजे सुमारे १६ अश्वशक्ती होते. ४५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ती जड नाही. अडचण असते ती ट्रॅक्टरच्या अंगच्या हायड्रॉलिक पंपाची. तो नांगर उचलण्यासाठी बनवलेला असतो व सलग काम केल्यास तेल तापते. म्हणून क्रेनला ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालणारा स्वतंत्र पंप व स्वतंत्र तेलटाकी जोडणे श्रेयस्कर. मार्च ते मे या महिन्यांतील उष्म्यात टाकी मोठी असणे व तेल थंड करणारा पंखा असणे ही चैन राहत नाही.

स्थानिक पातळीवर सहज भाड्याने मिळणारी यंत्रे दोन: हायड्रा आणि जेसीबी. हायड्रा ही औद्योगिक भागात सर्वत्र दिसणारी, भार पुढे टांगून चालणारी क्रेन आहे. सपाट, काँक्रीट केलेल्या वखारीत एखादा मोठा ओंडका पट्ट्याने बांधून हलवायला ती ठीक. कूपात नेऊ नये. तिचा भार दोरखंडाला लोंबतो, खाचखळग्यात झोके घेतो आणि वळताना वाहनाला कडेला खेचतो. पट्टा बांधणारा माणूसही भाराजवळच उभा असतो. जेसीबीच्या मागील भुजेला बादलीऐवजी पंजा लावता येतो. ती दणकट असते, टेकू पाय अंगचेच असतात व दुरुस्ती करणारे गावोगाव भेटतात. मात्र ती लाकूड वाहून नेत नाही, केवळ भरून देते. तिच्यासोबत वेगळी ट्रॉली लागते आणि कूपापर्यंत तिला न्यायचा खर्चही येतो. एका जागी भरपूर ओंडके गोळा झालेले असतील तर हा मार्ग किफायतशीर ठरतो. पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरवर बसवलेली, पंज्याने ऊस भरणारी यंत्रे वापरात आहेत. त्यांचा पंजा हलक्या मोळ्यांसाठी असल्याने ती ओंडक्यांना जशीच्या तशी चालत नाहीत, परंतु त्यांच्यामुळे असे यंत्र चालवणारे हात व दुरुस्तीची सवय राज्यात तयार होत आहे.

दुरुस्तीचा विचार खरेदीआधी करावा लागतो. सिलिंडरची सील, होज पाइप व पिना हे झिजणारे भाग आहेत. ते प्रमाणित मापाचे असतील तर अंबरनाथसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात त्यांची सोय होऊ शकते. एखाद्या उत्पादकाच्या खास मापाचे असतील तर भाग परदेशातून येईपर्यंत तोडीचा हंगाम उलटतो. कमी प्रगत पण स्थानिक कारागिराला उघडता येणारे यंत्र अशा ठिकाणी अनेकदा सरस ठरते.

मजूर आणि यंत्र

ठाणे जिल्ह्यात क्रेनचा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. जंगलतोडीचे काम येथे पिढ्यान्‌पिढ्या वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी आदिवासी मजुरांनी केले. ठेकेदारांकडून होणाऱ्या त्यांच्या पिळवणुकीची नोंद डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ मधील सरकारी अहवालात आहे. १९४५ ते १९४७ च्या वारली लढ्यात जंगलातील मजुरीचा दर ही प्रमुख मागण्यांपैकी एक होती. बाळासाहेब खेर हे मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था स्थापन होऊ लागल्या आणि कूपांचे काम ठेकेदारांऐवजी मजुरांच्याच संस्थांकडे देण्याचे धोरण आले. महाराष्ट्र वन विकास महामंडळाची स्थापना १९७४ मध्ये झाली.

अशा संस्थेच्या दृष्टीने क्रेन म्हणजे सभासदांच्या मजुरीत वाटेकरी. पण हाताने होणाऱ्या भरणीची किंमतही मोजली पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ मधील शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यावयाच्या भाराची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम आहे. ९० सेंटीमीटर घेराचा हिरवा ओंडका चार जणांनी खांद्यावर घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४८ किलोग्रॅम येतात. सपाटीवर हे मर्यादेत बसते. उतारावर खालच्या दोघांवर अधिक भार येतो, एकाचा पाय घसरला की उरलेल्यांवर तो एकदम वाढतो, आणि मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. त्याहून जाड ओंडका चौघांच्या आवाक्याबाहेर आहे.

तोड, फांद्या छाटणे, मापाने कापणे, साल काढणे व थप्पी लावणे ही कामे क्रेन करीत नाही. ती बदलते तो उचलण्याचा व चढवण्याचा टप्पा, आणि इजा होण्याचा धोकाही तेथेच मोठा आहे. यंत्र बाहेरच्या मालकाचे असेल तर त्याचे भाडे मजुरीतून वजा होते; संस्थेचे स्वतःचे असेल व चालकही सभासदांतून तयार केला असेल तर बचत संस्थेतच राहते. क्रेन कोणती घ्यावी याइतकाच ती कोणाच्या नावावर असावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि विक्रीपत्रकांत त्याचा उल्लेख नसतो.

आगार आणि वखार

रस्त्यावर आणलेले ओंडके पुढे ट्रकने विक्री आगारात जातात. तेथे त्यांची प्रतवारी होऊन लिलाव होतो. आगारातील जमीन सपाट व काम एकाच जागी असल्याने येथे पोच अधिक महत्त्वाची ठरते, कारण उंच थप्पीच्या पलीकडच्या बाजूचा नग काढावा लागतो. ट्रकवरच बसवलेली क्रेन सोयीची असली तरी तिचे स्वतःचे वजन ट्रकच्या भारक्षमतेतून कायमचे वजा होते. १ टनाची क्रेन असलेला ट्रक प्रत्येक खेपेला १ टन लाकूड कमी नेतो. रोज दोन-तीन आगारांत भरणी असेल तर हा तोटा परवडतो. भरणीची व उतरवण्याची जागा ठरलेली असेल तर दोन्ही ठिकाणी स्थिर यंत्र ठेवणे बरे.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराला लागणारे लाकूड आता केवळ आसपासच्या जंगलातून येत नाही. देशातील आयात ओंडक्यांचे मोठे केंद्र गुजरातमधील कांडला-गांधीधाम आहे. गांधीधाम हेही उल्हासनगरप्रमाणे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून वाढलेले शहर. बंदरातून येणारा ओंडका अंशतः वाळलेला, ठरावीक लांबीचा व रस्त्यानेच येणारा असतो, त्यामुळे वखारीतील क्रेनची निवड कूपातील क्रेनपेक्षा पुष्कळ सोपी आहे. अरुंद गल्ल्यांतील वखारींना खरी अडचण असते ती डोक्यावरील विजेच्या तारांची. भुजा पूर्ण उघडल्यावर कोपराचा सांधा पंज्यापेक्षा उंच जातो, आणि चालकाची नजर पंज्यावर खिळलेली असते. तारांखाली भरणी न करणे हाच यावरचा खात्रीचा उपाय.

कायदेशीर बाबी

नोंदणीकृत ट्रकवर क्रेन बसवणे हा वाहनातील बदल ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. क्रेन बसवल्यावर वाहनाचे रिकामे वजन बदलते, म्हणून त्याचे पुन्हा वजन करून नोंदणीत दुरुस्ती करून घ्यावी लागते. तसे न केल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. झाडतोडीची परवानगी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली, तर लाकडाच्या वाहतुकीचे नियंत्रण भारतीय वन अधिनियम, १९२७ व त्याखालील नियमांनुसार होते. वाहतूक पासवर नगांची संख्या व मापे नोंदलेली असतात. हाताने भरताना प्रत्येक नग मोजूनच वर चढे. क्रेन एका वेळी तीन-चार नग उचलत असल्याने पास आणि भरलेला माल यांत तफावत राहण्याची शक्यता वाढते. त्यासाठी ओंडक्यांवर अनुक्रमांक व हातोड्याचा ठसा असलेली टोके थप्पीत एकाच बाजूला ठेवून मग भरणी करतात, आणि पंजातील नगांचे क्रमांक वाचून टिपणारा एक माणूस क्रेनच्या घेऱ्याबाहेर, चालकाला दिसेल अशा जागी उभा ठेवतात.